माहेरचे नाव आणि क्युबेकची दप्तरे



कुलवृत्तांताच्या संमेलनात अध्यक्षाने स्वतःच्या घराण्याची थोरवी सांगावी, असा आपल्याकडचा रिवाज. तो मोडून मी कॅनडातल्या क्युबेककडे वळतो. तिथल्या फ्रेंच घराण्यांचा शोध आपल्यापेक्षा सोपा आहे, आणि त्याचे श्रेय संशोधकांहून जास्त जुन्या पाद्र्यांच्या शिस्तीला जाते.

सतराव्या शतकापासून तिथे चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद होत आली. १६४० साली क्युबेक शहरातले चर्च जळाले, वह्याही गेल्या. तेव्हा लोकांना विचारून त्या पुन्हा लिहून काढल्या. पुढे दुसरी प्रत सरकारदप्तरी ठेवण्याचा नियम झाला. विवाहाच्या नोंदीत सहसा वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात, आणि आई तिच्या माहेरच्या आडनावाने येते. म्हणून एका लग्नावरून आधीच्या पिढीच्या लग्नापर्यंत पोचता येते. चारचौघांत बाई नवऱ्याच्या नावाने ओळखली जाई, पण दफनाच्या नोंदीत पुन्हा वडिलांचेच आडनाव. त्रांब्ले हे तिथले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव. या सगळ्यांचा मूळपुरुष पिएर त्रांब्ले. आणि १६५७ साली त्याच्याशी लग्न केलेली ओझान आशों वंशावळीत त्याच्या शेजारीच असते.

गोंधळ आहे तो पुरुषांच्या आडनावांचा! १६६५ साली आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतल्या सैनिकांना लाफ्लर, सांसूसी अशी टोपणनावे असत. ती ‘ऊर्फ’ म्हणून मूळ आडनावाला चिकटली. काही पिढ्यांनी एका भावाचा वंश मूळ नाव लावी, दुसऱ्याचा टोपणनाव. १९०० साली लेव्ही गावात सहकारी पतपेढी काढणारे आल्फोन्स देजार्दें यांचेच पाहा. वडील फ्रांस्वा रुआ ऊर्फ देजार्दें, आई क्लारिस मिव्हिल ऊर्फ देशेन. एका मुलामागे चार आडनावे! त्यात अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत पोट भरायला गेलेले काही रुआ तिकडे नावाचे भाषांतर होऊन ‘किंग’ झाले. अशा वेळी पत्नीचे माहेर हाच भरवशाचा धागा उरतो. नवऱ्याचे आडनाव बदलले तरी ती वहीत तीच असते.

सिप्रियें तांगे या पाद्र्याने १८७१ ते १८९० या काळात या घराण्यांचा सात खंडांचा कोश छापला, तो या वह्यांच्या बळावर. १९६६ पासून माँट्रियल विद्यापीठाने त्याच नोंदींतून जुन्या लोकसंख्येचा अभ्यास उभा केला. १९८१ पासून तर क्युबेकच्या कायद्याने लग्नानंतरही स्त्रीचे जन्मनावच कायम राहते. हौसेने नवऱ्याचे आडनाव घेऊ पाहणारीलाही ते सहजी मिळत नाही, ही सक्ती मला खटकते. पण संशोधकाची सोय झाली, हे नाकारता येत नाही.

आता आपले कुलवृत्तांत उघडा. सून येते ती बदललेल्या नावाने आणि नव्या आडनावाने. लेक ‘साताऱ्यास दिली’ एवढ्यावर संपते. निम्मे पूर्वज आपणच खोडून टाकतो, आणि वर मूळपुरुषाच्या शकावर वाद घालतो.

माझी विनंती एवढीच. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक सुनेचे लग्नाआधीचे नाव, माहेरचे आडनाव, गाव आणि तिच्या आईचे नाव छापा. लेकींची मुलेही घ्या. घरातल्या आज्या हयात आहेत तोवर त्यांना विचारून हे लिहून ठेवा. निधी कमी पडला तर पुढाऱ्यांचे शुभसंदेश गाळा.