डुकरे झालेले आईबाप



हायाओ मियाझाकी यांचा २००१ सालचा ‘स्पिरिटेड अवे’ हा जपानी चित्रपट मी धाकटीबरोबर घरीच पाहिला. त्यातले आईबाप ओसाड वस्तीतल्या खानावळीत, मालक नसताना, पैसे मागाहून देऊ म्हणून ताव मारतात अन् डुकरे होतात. दहा वर्षांची चिहिरो परत फिरू या म्हणून विनवीत असते; पण ऐकते कोण! मला आपले हसू आले. धाकटी मात्र माझा हात घट्ट धरून बसली.

शेवटी डुकरांतून आईबाप ओळखायचे असतात. यांत ते नाहीतच, असे चिहिरो सांगते. अन् तेच खरे ठरते.

रात्री मी सहज विचारले, “तू मला ओळखशील का ग?”

“हो! ‘थांब जरा, काम आहे’ म्हणालीस की लगेच!”

त्या रात्री भांडी तशीच राहिली.