उडी किती उंच?

(घाटंजी येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई. संगणकावरच्या खेळांत मला गती नाही. तरी पाच विद्यार्थ्यांनी, तीन मुली आणि दोन मुलगे, मला बोलावलं. त्यांना प्रकल्प म्हणून गेम करायचा होता: पडद्यावर आडवं धावायचं, उड्या मारत फळ्या चढायच्या, खड्डे चुकवायचे. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’सारखा. त्यात राजकन्या कैदेत असते आणि पुरुष तिला सोडवायला धावतो. मुली म्हणाल्या, आमची बाई स्वतः धावेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेल्या ‘राजी’मध्ये बहीणच भावाला सोडवायला निघते. म्हणजे हे जमतं.

विषय ठरला: नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर बाईचं नाव लावणं. आपल्या जिल्ह्यात हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्याच बैठकीत कामं वाटली गेली. प्रोग्रॅमिंग मुलांकडे, चित्रं, रंग आणि टिपणं मुलींकडे. कुणी सक्ती केली नव्हती, आपोआप झालं. हे ‘आपोआप’च मला खटकलं. विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, “लॅब संध्याकाळी मोकळी असते. आम्हाला तर अंधाराआधी एसटी धरावी लागते.” प्रश्न हुशारीचा नव्हताच, एसटीचा होता. मग लॅबची दुपारची वेळ मागून घेतली आणि दर आठवड्याला कामं बदलायची असं ठरवलं.

पुढची आखणी चौकटीच्या वहीवर झाली. आधी उडी ठरवली: बाई तीन चौकटी उंच उडी मारेल. मग अडथळे: वारस नोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, तलाठ्याचं (आता ग्राम महसूल अधिकारी) दार, पंधरा दिवसांची हरकतीची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची सही. एका मुलाने एक फळी पाच चौकटींवर काढली. दुसरी मुलगी म्हणाली, “इथे कुणीच पोचणार नाही. हा खेळणारीचा दोष नाही, आखणाऱ्याचा आहे.”

मैत्रिणींनो, हे वाक्य मी घरी घेऊन आले. आपण बायांना किती सहज म्हणतो, “तू पाठपुरावा केला नाहीस.” फळी किती उंच आहे ते मोजतो का?

तो कागद एका शेतकरी बाईला दाखवला. ती हसली. “एका चकरेत काम होते काय, माय? मले त किती डाव जा लागलं!” मग बंद दार आलं, तिथून पुन्हा सुरुवातीला. पण मुलींनी एक भर घातली: गटातल्या दोघी सोबत आल्या की खांद्यावर चढून पाच चौकटींची फळीही गाठता येते.

पाच टप्पे आखले होते. वेळ पाहून चार वगळले. एकच नीट करायचा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. तो अजून पूर्ण व्हायचा आहे. दरम्यान आपलं काम आहेच. गावातल्या कुठल्या बाईची वारस नोंद अडली आहे, ते विचारा. तिला एकटीला पाठवू नका. दोघी सोबत जा.