सिएना नगरीची पायी फेरी
(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपणांपैकी बहुतेकांच्या घरी मुलांची रंगपेटी असेल. तीत तांबूस-तपकिरी रंगाची एक वडी असते व तिजवर ‘बर्न्ट सिएना’ असे नाव असते. चित्रकलेच्या तासाला ते नाव मी कित्येक वर्षे मुलांकडून वाचून घेतले. सिएना हे इटली देशातील एका नगराचे नाव होय. त्या भागातील माती भाजून हा रंग सिद्ध करीत, म्हणून त्यास हे नाव पडले. गतवर्षी कन्या व जामात यांच्या आग्रहामुळे ते नगर प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. विमान, भोजन आणि थंडी यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत मी आपला वेळ दवडीत नाही. एका डोंगरी नगराने आपले सामाईक जीवन कसे उभारले, ते कोठे मोडले आणि कोठे टिकले, एवढेच आपणांपुढे मांडावे असा मानस आहे.

सिएना हे तोस्काना प्रांतात, फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस आहे. तीन डोंगरसोंडा एके ठिकाणी मिळतात व त्यांच्या पाठीवर हे नगर वसलेले आहे. भोवती जुना तट, आत विटांची उंच घरे आणि त्यांमधून चढणाऱ्या-उतरणाऱ्या अरुंद गल्ल्या. मोटारींना या जुन्या भागात १९६० च्या दशकातच बंदी झाली. त्यामुळे नगर पाहावयाचे ते पायीच. आम्ही परवानाधारक मार्गदर्शिकेबरोबर दोन-अडीच तासांची फेरी घेतली. मंडळी निरनिराळ्या देशांची, सुमारे वीस. प्रत्येकाच्या कानात एक लहान यंत्र दिलेले असते. बाई हलक्या आवाजात बोलतात आणि ते मागे राहिलेल्यासही स्वच्छ ऐकू येते. मजसारख्या वर्गात घसा बसेपर्यंत ओरडलेल्या माणसास त्या यंत्राचा हेवा वाटला.

फेरीचा आरंभ सान दोमेनिको या विटांच्या भव्य चर्चपासून झाला. तेथून खाली उतरले की फोन्तेब्रांदा नावाचा पाण्याचा जुना हौद लागतो. त्याचा उल्लेख १०८१ पासून मिळतो. आजची कमानींची बांधणी १२४६ ची आहे. डोंगरावरच्या नगरास जवळ नदी नाही, तेव्हा पाणी आणावयाचे कोठून? सिएनाकरांनी जमिनीखाली बोगदे खोदले. त्यांस तेथे ‘बोत्तीनी’ म्हणतात. त्यांची लांबी सुमारे २५ किलोमीटर आहे. टेकड्यांत झिरपणारे पाणी या बोगद्यांत गोळा होऊन मंद उताराने नगरात येते. आणलेल्या पाण्याची वाटणीही ठरलेली होती. पहिला हौद पिण्याच्या पाण्याचा; तो भरून वाहिला की ते पाणी जनावरांच्या हौदात; तेथून धुण्याच्या हौदात; आणि अखेरीस रंगारी, कातडी कमावणारे आणि गिरण्या यांच्याकडे. वरचे पाणी घाण करणारास शिक्षा होती. पाण्याचा एकही थेंब वाया जाऊ नये आणि खालच्या कामाने वरचे पाणी बिघडू नये, अशी ही योजना पाहून मन प्रसन्न झाले.

याच हौदाजवळच्या वस्तीत १३४७ साली एका रंगाऱ्याच्या घरी एक कन्या जन्मली. तीच पुढे सेंट कॅथरीन म्हणून प्रसिद्धीस आली. तिला रीतसर शालेय शिक्षण मिळाले नाही. परंतु तिने राजे, सेनापती आणि पोप यांस धीटपणे पत्रे धाडली. पोपची गादी त्या काळी फ्रान्सच्या दक्षिणेकडील आविन्यों येथे होती. ती रोमला परत यावी म्हणून तिने रदबदली केली. अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, १३८० साली, ती निवर्तली. आज ती इटलीच्या संरक्षक संतांपैकी एक मानली जाते. तिच्या घराच्या जागी आता देवस्थान आहे. तेथे उभे असता, रंगाने हात माखलेल्या घरातही केवढे तेज जन्मास येते, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

तेथून चढ चढून आपण नगराच्या मध्यभागी येतो. गल्ली अंधारी आणि अरुंद. तिच्या टोकाशी एकाएकी आकाश मोकळे होते व समोर ‘काम्पो’ नावाचा चौक पसरलेला दिसतो. आकार उघडलेल्या पंख्यासारखा. जमीन विटांची आणि मध्याकडे उतरती. पांढऱ्या दगडाच्या रेघांनी तिचे नऊ भाग केलेले आहेत. १२८७ पासून १३५५ पर्यंत या नगराचा कारभार नऊ जणांच्या मंडळाकडे होता. त्याची खूण म्हणून हे नऊ भाग. चौकाभोवतालच्या घरांच्या खिडक्या कशा असाव्यात याचा नियम १२९७ सालीच झाला होता. घर ज्याचे त्याचे असले, तरी चौकाकडील त्याचे तोंड सर्वांचे, अशी ती दृष्टी.

चौकाच्या सखल बाजूस नगरसभेचा वाडा आणि त्याचा सुमारे ८७ मीटर उंचीचा मनोरा आहे. या वाड्यात नऊ कारभारी बसत असत. त्यांची मुदत केवळ दोन महिने. तेवढे दिवस त्यांनी वाड्यातच राहावयाचे. ज्या दालनात ते बसत, त्याच्या तीन भिंतींवर आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रे काढली. या फेरीत माझे पाय सर्वांत अधिक वेळ खिळले ते येथे.

चांगल्या राज्याच्या नगरात घरे बांधणारे गवंडी आहेत, जोडे विकणारा दुकानदार आहे, नाचणाऱ्या व्यक्ती आहेत, वेशीबाहेर नांगरलेली शेते आहेत. आणि मंडळी, त्या गर्दीत एक शिक्षकही आहे! आपल्या विद्यार्थ्यांस तो काही समजावून देत आहे. जवळजवळ सातशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने राज्य चांगले असल्याच्या खुणांत शाळेची गणना केली, याचा मला आनंद वाटला. समोरच्या भिंतीवर वाईट राज्य आहे. तेथे शिंगे असलेला जुलूम सिंहासनावर बसला आहे आणि न्यायदेवता बांधलेली, पायांशी पडलेली आहे. साऱ्या नगरात धंदा चालू आहे तो एकच : शस्त्रे घडविणाऱ्याचा.

मधल्या भिंतीवरील एक बारकावा आपण लक्षात ठेवावा अशी विनंती आहे. न्यायदेवतेच्या तराजूच्या दोन पारड्यांकडून दोन दोऱ्या खाली येतात. खाली एक स्त्री बसली आहे. तिचे नाव एकोपा, आणि तिच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे. उंचवटा तासून सपाटी आणणे हे तिचे काम. त्या दोऱ्यांचा ती एक दोर करते आणि तो आपल्या शेजारच्या नागरिकाच्या हाती देते. असे चोवीस नागरिक ओळीने तो दोर धरून उभे आहेत. त्या नागरिकांपैकी कोणासही दोर बांधलेला नाही. प्रत्येकाने तो आपण होऊन धरलेला आहे. ज्या क्षणी हात सुटेल त्या क्षणी तो गळून पडेल.

चित्र पुरे झाले आणि नऊ-दहा वर्षांतच, १३४८ साली, प्लेगची महामारी आली. नगरातील सुमारे निम्मे लोक गेले असावेत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आन्योलो दि तुरा नामक बखरकाराने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरल्याचे लिहून ठेवले आहे. चित्रकार लोरेन्झेत्तीही त्याच साथीत गेला असावा. हे ऐकत आम्ही चढावरच्या मुख्य चर्चपाशी आलो. पांढऱ्या आणि काळसर हिरव्या संगमरवराच्या पट्ट्यांचे ते मंदिर अप्रतिम आहे. परंतु त्याच्या शेजारी एक प्रचंड भिंत एकटीच उभी आहे. १३३९ साली सिएनाकरांनी ठरविले होते की असलेले चर्च ही आडवी बाजू समजून, त्यास जोडून याहून कितीतरी मोठे मंदिर उभारावयाचे. महामारीने काम थांबले. पुढे बांधणीतही दोष आढळले आणि बेत कायमचा सुटला. अर्धवट भिंत मात्र त्यांनी पाडून टाकली नाही. आज लोक तिकीट काढून तिच्या माथ्यावर चढतात व तेथून सारे नगर पाहतात.

समोरच सांता मारिया देल्ला स्काला नावाचे जुने इस्पितळ आहे. रोमच्या वाटेवरील यात्रेकरू, रोगी, गरीब आणि टाकून दिलेली अर्भके यांचा सांभाळ तेथे शतकानुशतके झाला. आता तेथे संग्रहालय आहे. मंदिर अपुरे राहिले, इस्पितळ मात्र चालत राहिले, ही गोष्ट मला मोठी बोधप्रद वाटली.

आमच्या संघाच्या खजिनदारांनी ऐकून ठेवावे असेही तेथे काही आहे. सिएनाच्या खजिन्याच्या हिशेबवह्यांना लाकडी पुठ्ठे असत आणि १२५८ पासून त्या पुठ्ठ्यांवर उत्तम चित्रकारांकडून चित्रे काढून घेत. जमाखर्च ही इतकी आदराची वस्तू! ते पुठ्ठे तेथील दप्तरखान्यात जपून ठेवलेले आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. चित्रात एकोप्याचा दोर धरविणारे ते नऊ कारभारी कोण होते? ते प्रामुख्याने सधन व्यापारी. मोठ्या सरदार घराण्यांस त्यांनी त्या मंडळात मज्जाव केला होता आणि हातावर पोट असलेल्या कारागिरांसही तेथे जागा नव्हती. १३५५ साली हे दोन्ही वर्ग मिळून उठले आणि नवांची सत्ता संपली. पुढे १५५५ साली दीर्घ वेढ्यानंतर नगर स्पेन व फ्लॉरेन्स यांच्या सैन्यापुढे शरण आले आणि त्याचे स्वातंत्र्यही गेले.

मग टिकले काय? टिकल्या त्या पेठा. त्यांस तेथे ‘कोन्त्रादा’ म्हणतात. पेठा एकंदर सतरा; त्यांच्या सीमा १७२९ साली गव्हर्नर व्हियोलान्ते यांनी ठरवून दिल्या. हंस, गोगलगाय, कासव, साळिंदर, सुरवंट, घुबड, जिराफ अशी त्यांची नावे आणि बोधचिन्हे. भिंतीवरची लहानशी पाटी पाहून आपण कोणत्या पेठेत आहोत ते कळते. प्रत्येक पेठेचे स्वतःचे मंदिर, स्वतःचे संग्रहालय, स्वतःचे लहानसे कारंजे. २ जुलै व १६ ऑगस्टला काम्पोच्या चौकात घोड्यांची शर्यत होते, तिचे नाव पालियो. सतरांपैकी दहा पेठा धावतात. घोडा चिठ्ठीने मिळतो, स्वार खोगिराविना बसतो, चौकास तीन फेरे होतात आणि साधारण दीड मिनिटात सारे संपते. स्वार पडून घोडा एकटाच पहिला आला तरी पेठ जिंकते. बक्षीस म्हणजे एक रंगविलेले रेशमी निशाण. त्यासाठी वर्षभर तयारी, पिढ्यान्‌पिढ्यांचे हाडवैर! शर्यतीच्या आदल्या रात्री पेठेच्या रस्त्यात लांबच लांब मेजे मांडून सर्व पेठ एकत्र जेवते.

मार्गदर्शिका बाई स्वतः एका पेठेच्या. मी त्यांस विचारले, “पेठेत प्रवेश कोणास मिळतो?” त्या म्हणाल्या, “आजोबा, जुना नियम सोपा होता. जो पेठेच्या हद्दीत जन्मला तो पेठेचा. आता पुष्कळ कुटुंबे तटाबाहेर राहतात, म्हणून आईबापांच्या परंपरेनेही मूल घेतले जाते. पेठेच्या कारंज्यावर त्याच्या डोक्यावर पाणी घालतात, गळ्यात पेठेचा रुमाल बांधतात, की झाले.”

मंडळी, या उत्तरावर मी परतीच्या वाटेवर पुष्कळ विचार केला. तेथील जुन्या नियमात घराणे विचारले जात नव्हते, धंदा विचारला जात नव्हता. विचारीत ती गल्ली. म्हणून सरदाराचा मुलगा आणि जोडे शिवणाऱ्याचा मुलगा एकाच रंगाचा रुमाल बांधून एकाच मेजावर बसले. नवांच्या मंडळाने दार अरुंद केले, ते अडुसष्ट वर्षांत मोडले. पेठेने आपल्या गल्लीतील प्रत्येकास आत घेतले, ती आजही नांदते आहे. इतिहासाची कारणे अनेक असतात हे मी जाणतो. तथापि ही दोन उदाहरणे एकाच चौकात शेजारी शेजारी पाहिल्यावर त्यांतून बोध न घेणे मला शक्य झाले नाही.

आपला संघ जन्माने जमलेल्यांचा आहे. त्याने आपणांस पुष्कळ दिले आहे, आणि त्याविषयीचे माझे ऋण मी नाकारीत नाही. आपल्या माणसांचा अभिमान असावा. सिएनाकरास तो आपणांहून दसपट आहे. परंतु त्यांची शर्यत होते ती सर्वांच्या चौकात आणि पाणी येते ते सर्वांच्या बोगद्यातून. आपण शिष्यवृत्ती देतो, पुस्तके वाटतो, वसतिगृहाचा विचार करतो. त्या वेळी आपल्या ज्ञातीबाहेरचे, परंतु आपल्याच गल्लीत वाढणारे एखादे होतकरू मूल दारात उभे असेल, तर त्याच्या हाती दोराचे टोक द्यावयाचे की नाही, याचा निर्णय कार्यकारी मंडळाने आणि आपण सर्वांनी शांत चित्ताने करावा. माझे मत मी सांगितले आहे. वडीलधाऱ्यांपैकी कोणास ते रुचले नाही, तर त्यांनी येथेच, या व्यासपीठावरून ते खोडून काढावे. मी आदराने ऐकेन.