स्वतःला हाक मारताना



म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरम वसाहतीशेजारी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. कुलगुरुपद भूषविलेल्या कवी कुवेंपु यांनी त्याला ‘मानसगंगोत्री’ असे नाव दिले. याच शहरात महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली राहत्या घरी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला ‘आकाशवाणी’ म्हटले. दूरचा आवाज घराघरांत पोहोचविणारा हा गृहस्थ मूळचा मनाचा अभ्यासक होता, हा योगायोग गमतीचा खरा. आतल्या आवाजाला मात्र नुसता कान देऊन भागत नाही.

कारण मनात डोकावणे प्रत्येक वेळी हितकारक ठरतेच असे नाही. मराठीत ‘आत्मपरीक्षण’ हा शब्द आहे, तसाच ‘कुढणे’ हाही आहे. दुपारचा अपमान मध्यरात्रीपर्यंत उगाळणारा मनुष्यदेखील स्वतःचाच विचार करीत असतो. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली या दोन वृत्ती वेगळ्या काढून दाखविल्या. कुढणे भय आणि खंत यांवर पोसले जाते, आत्मपरीक्षण कुतूहलावर. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही गप्प बसलेलेच दिसतात.

मग कुढण्याकडून कुतूहलाकडे वळावे कसे? मिशिगन विद्यापीठातील ईथन क्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. अवघड प्रसंगापूर्वी ज्यांनी ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव घेऊन मनाशी संवाद केला, त्यांना ताण कमी जाणवला आणि नंतरचे उगाळणेही घटले. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. समर्थ रामदासांनी २०५ श्लोक रचले ते मनालाच हाक मारून. तुकोबा अभंगाच्या अखेरीस स्वतःचे नाव असे घेतात, जणू दुसराच कोणी बोलतो आहे. संतांचा हेतू भक्तीचा होता, मानसोपचाराचा नव्हे, म्हणून हे साम्य फार ताणू नये. तरीही स्वतःपासून दोन पावले दूर उभे राहण्याची ही रीत घरातलीच आहे.

पालकांना ती सर्वाधिक लागते. गुणपत्रिका पाहून आई मुलाला टाकून बोलते, मूल न जेवता झोपी जाते. रात्री ‘मी अशी का?’ हा प्रश्न तिला उत्तराऐवजी आणखी दोष पुरवितो. त्याऐवजी तिने वहीत स्वतःचे नाव लिहून विचारावे : आज नेमके काय घडले? राग गुणांचा होता, की दिवसभराच्या दगदगीचा? शेजारच्या मुलाशी तुलना कोणत्या क्षणी मनात आली? दहा मिनिटे पुरेत. अधिक वेळ बसल्यास परीक्षणाचे पुन्हा कुढणे होते. सापडलेल्या उत्तरातून सकाळी मुलाशी बोलायचे एखादे वाक्य निघाले, तर तेवढ्यासाठी ती वही सार्थकी लागली.

मात्र वहीची मर्यादाही ओळखली पाहिजे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगणे नकोसे वाटते, अशा वेळी एकट्याने मन तपासत बसणे धोक्याचे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते.