अटकेची नोंद : कोठे पाहावी, कशी वाचावी

(सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक व ग्रामस्तरावरील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

लोकशाही राज्यात शासनाच्या हाती जे अधिकार सोपविलेले असतात, त्यांत माणसाला अटक करण्याचा अधिकार हा अत्यंत कठोर होय. या अधिकाराचा वापर होताच त्याची लेखी नोंद झाली पाहिजे आणि माणूस कोठे आहे हे त्याच्या घरच्यांना कळले पाहिजे, असे बंधन कायद्याने घातले आहे. शहरात वकील जवळ असतो, वर्तमानपत्राचा वार्ताहर जवळ असतो. खेड्यातील परिस्थिती निराळी आहे. रात्री पोलिसांची गाडी वाडीवर येते आणि घरातील कर्त्या मुलाला घेऊन जाते. सकाळी वडील पहिल्या एस.टी.ने दूरक्षेत्र गाठतात, तेथून त्यांना ठाण्यावर पाठविले जाते, ठाण्यावर 'साहेब बाहेर गेले आहेत' असे उत्तर मिळते. संध्याकाळी हताश होऊन ते ज्यांच्या दारी येतात, ते सरपंच, पोलीस पाटील किंवा शाळेचे गुरुजी असतात. कोणता कागद कोठे असतो, एवढे या मंडळींना ठाऊक असेल, तर त्या कुटुंबाची निम्मी वणवण वाचते.

हक्काची जडणघडण

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्या व्यक्तीस तीन गोष्टींची हमी दिली आहे : अटकेचे कारण शक्य तितक्या लवकर सांगितले जाईल, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येईल आणि प्रवासाचा काळ वगळता २४ तासांच्या आत तिला नजीकच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाईल. परंतु अटकेची वार्ता घरी कोणी पोहोचवावी, याबाबत दीर्घकाळ स्पष्टता नव्हती.

या विषयाला चालना मिळाली त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कारागृहातील स्त्री-बंद्यांच्या मुलाखती घेऊन सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर १९८३ साली दिलेल्या निर्णयात, अटक होताच नजीकच्या विधी साहाय्य समितीस आणि बंद्याने नाव दिलेल्या नातलगास वा मित्रास पोलिसांनी कळवावे, असे निर्देश न्यायालयाने दिले. पुढे १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्यांकडे सरन्यायाधीशांचे लक्ष पत्राने वेधले. डिसेंबर १९९६ मध्ये त्या प्रकरणाचा निकाल लागला आणि अटकेच्या वेळी पाळावयाच्या अकरा आवश्यक बाबी देशभर लागू झाल्या. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ व २००८ साली झालेल्या दुरुस्त्यांनी त्यांतील महत्त्वाच्या बाबींना कायद्याचे रूप दिले. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ अमलात आली असून हे संरक्षण तिच्यात कायम आहे. काही बाबतींत ते वाढलेही आहे.

कागदाचा माग

अटक झालेला माणूस ज्या ज्या दारातून जातो, त्या त्या दारी एक नोंद मागे राहते. शोध घेणाऱ्याने याच क्रमाने जावे.

पहिला कागद अटकेच्या जागीच तयार व्हावयाचा असतो. संहितेच्या कलम ३६ नुसार अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःचे नाव स्पष्ट दिसेल असे लावले पाहिजे आणि अटकेचे ज्ञापन तयार केले पाहिजे. त्यावर कुटुंबातील व्यक्तीची अथवा त्या भागातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून स्वाक्षरी असावी लागते. अटक झालेली व्यक्तीही त्यावर सही करते. गावातील प्रतिष्ठित व्यक्ती म्हणजे बहुधा सरपंच, शिक्षक वा पोलीस पाटीलच. अशी सही करताना ज्ञापनावर दिनांक आणि वेळ खरी घातली आहे की नाही, हे आवर्जून पाहावे. २४ तासांची मोजणी अटकेच्या वेळेपासून सुरू होत असल्याने त्या एका ओळीला फार महत्त्व आहे.

दुसरी नोंद पोलीस ठाण्यात होते. कलम ४८ प्रमाणे अटकेची आणि माणूस कोठे ठेवला आहे याची माहिती नातलग, मित्र किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीस तात्काळ द्यावयाची असते. ती कोणास दिली हे ठाण्यातील नोंदवहीत लिहावे लागते. हे झाले आहे की नाही, याची खात्री करून घेण्याचे कर्तव्य न्यायदंडाधिकाऱ्यांवर सोपविले आहे. ठाणे दैनंदिनी मात्र कोणाही नागरिकास उघडून दाखविली जात नाही. तेव्हा दैनंदिनी पाहण्याचा आग्रह न धरता कलम ४८ खाली कोणास कळविले, एवढेच विचारावे.

तिसरी नोंद सर्वांसाठी आहे. कलम ३७ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात पोलीस नियंत्रण कक्ष असला पाहिजे. त्याचबरोबर प्रत्येक जिल्ह्यात व प्रत्येक ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी याच कामासाठी नेमलेला असला पाहिजे. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ही माहिती ठेवणे हे त्याचे काम. ही माहिती प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयी ठळकपणे लावावयाची असते व त्यासाठी संगणकीय पद्धतीही वापरता येते. म्हणून ठाणेदार बाहेर असले तरी माहितीचे दार बंद होत नाही. 'कलम ३७ खाली नेमलेले अधिकारी कोण?' हा प्रश्न नम्रपणे विचारावा. ठाण्यावर उत्तर मिळाले नाही, तर जिल्हा नियंत्रण कक्षास दूरध्वनी करावा.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे व दिनांक निवडून अटक आरोपींची यादी आणि प्रथम खबर अहवाल पाहता येतात. खबर अहवाल २४ तासांत, आणि दळणवळणाची अडचण असल्यास जास्तीत जास्त ७२ तासांत संकेतस्थळावर घालावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे यातून वगळले आहेत. त्यामुळे नाव यादीत दिसले नाही, एवढ्यावरून अटक झालीच नाही असे समजू नये.

चौथी नोंद न्यायालयात आढळते. हजर केल्यानंतर पोलीस कोठडी मिळाली की न्यायालयीन कोठडी, हे आदेशात लिहिलेले असते. पोलीस कोठडीचा अर्थ माणूस पुन्हा ठाण्याच्या ताब्यात, न्यायालयीन कोठडीचा अर्थ कारागृहात. गुन्हा क्रमांक, वर्ष व ठाण्याचे नाव एवढे हाती असल्यास न्यायालयांच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा शोध घेता येतो. म्हणून गुन्हा क्रमांक प्रथम टिपून घ्यावा.

शेवटची नोंद कारागृहाची. अनेक तालुक्यांच्या ठिकाणी दुय्यम कारागृह असते व त्याचा कार्यभार तहसीलदारांकडे असतो, ही गोष्ट पुष्कळ ग्रामस्थांस माहीत नसते. तेथे जागा नसल्यास बंद्यास जिल्हा वा मध्यवर्ती कारागृहात पाठवितात. अशा वेळी तहसील कार्यालयात चौकशी केल्यास पुढचा पत्ता लागतो.

नोंद सापडत नाही तेव्हा

कधी कधी 'अटक नाही, फक्त चौकशीसाठी आणले आहे' असे सांगण्यात येते. खरी कसोटी येथेच असते. अटक नसेल तर माणसाला घरी जाता आले पाहिजे. जाऊ दिले जात नसेल, तर त्याला नाव काहीही दिले तरी ती स्थानबद्धताच ठरते. अशा प्रसंगी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर साहाय्य मागावे. कोठडीत असलेल्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क १९८७ च्या अधिनियमाने दिला आहे.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज हेही एक साधन आहे. सर्वसाधारण माहितीस ३० दिवसांची मुदत असली, तरी व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देणे २००५ च्या अधिनियमाने बंधनकारक केले आहे. अर्जाच्या शिरोभागी तसा स्पष्ट उल्लेख करावा. बेकायदेशीर डांबून ठेवल्याचा संशय असल्यास संहितेच्या कलम १०० खाली जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी शोध अधिपत्र काढू शकतात. अखेरचा मार्ग उच्च न्यायालयातील बंदी प्रत्यक्षीकरणाच्या याचिकेचा.

नोंद कशी वाचावी

नोंद सापडणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती योग्य अर्थाने वाचणेही महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील ग्रामीण काउंटींमध्ये शेरीफ हा बहुधा निवडून आलेला अधिकारी असतो व काउंटीचे कारागृह सामान्यतः त्याच्याच ताब्यात असते. तेथील अनेक शेरीफ कार्यालये बंद्यांची यादी, कधी छायाचित्रांसह, रोजच्या रोज प्रसिद्ध करतात. नातलगांची त्यामुळे सोय होते. परंतु काही खाजगी व्यावसायिकांनी तीच छायाचित्रे आपल्या संकेतस्थळांवर घालून ती काढून टाकण्यासाठी पैसे मागण्यास सुरुवात केली. खटल्यातून सुटलेल्यांनाही त्याची झळ बसली. अखेर जॉर्जियाने २०१३ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा वसुलीविरुद्ध कायदे केले.

आपल्याकडील धडा याहून जुना व अधिक वेदनादायक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींची नावेच नोंदवहीत चढविली. त्या जमातीत जन्म घेणे, हाच गुन्हा ठरला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला व या जमाती विमुक्त झाल्या, तरी पारध्यांच्या पालांवरील माणसांना संशयाने उचलण्याची रीत त्यानंतरही दिसत राहिली. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला आणि विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानी अटक होता कामा नये, असे बजावले. नोंदवहीतील एक रकाना माणसाच्या आयुष्यावर किती काळ सावली टाकू शकतो, हे या इतिहासावरून ध्यानी येते.

म्हणूनच अटकेची यादी ही दोषींची यादी नव्हे, हे गावाने पक्के समजून घेतले पाहिजे. अटक हा तपासाचा टप्पा आहे. दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम. यादीचे छायाचित्र काढून गावच्या समूहसंदेशात फिरविणे, नावावरून त्या घराला वाळीत टाकणे किंवा वडिलांच्या अटकेवरून वर्गात मुलाला हिणविणे, हा त्या नोंदीचा दुरुपयोग होय. अठरा वर्षांखालील बालकास तर ठाण्याच्या कोठडीत ठेवताच येत नाही. त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मनाई केली आहे. शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

ग्रामपंचायतीला या बाबतीत एक साधे काम तत्काळ करता येईल. कार्यालयातील फलकावर एक कागद लावावा. त्यावर पोलीस ठाण्याचा, जिल्हा नियंत्रण कक्षाचा, तालुका विधी सेवा समितीचा व दुय्यम कारागृहाचा दूरध्वनी क्रमांक असावा आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत पाच गोष्टी लिहाव्यात : नाव, अटकेची वेळ, गुन्हा क्रमांक, ठाणे, हजर करावयाचे न्यायालय. रात्री दार ठोठावणाऱ्या बापाला उपदेशापेक्षा या पाच गोष्टी भरलेला कागद अधिक उपयोगी पडतो. पोलिसांवर अविश्वास दाखविण्याचा यात हेतू नाही. नोंद चोख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यालाही खोट्या आरोपापासून तीच नोंद वाचविते.