आकडा एकदाच लिहावा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तू पुण्यात कॉम्प्युटरवर नेमकं करतोस तरी काय?" हा प्रश्न सकाळपासून चौघांनी विचारला. म्हणून मला दिलेल्या दहा मिनिटांत तेच सांगतो.

आपलं जुनं मिरज स्टेशन आठवा. एकीकडे साडेपाच फुटी ब्रॉडगेज, तर पंढरपूरची गाडी अडीच फुटी रुळांवर. गाड्या दोन्ही चांगल्या, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालायचा नाही. मोबाइल ॲपच्या सगळ्या डब्यांचं माप एक आहे ना, हे बघणं म्हणजे माझं काम.

ॲपचा कोड अनेक भागांत लिहितात. ते भाग जोडून फोनवर चालणारं ॲप तयार करण्यासाठी अँड्रॉइडमध्ये ग्रेडल हे साधन वापरतात. ग्रेडलला निरनिराळ्या कामांसाठी प्लगइन जोडावे लागतात आणि प्रत्येक प्लगइनला आवृत्तीचा क्रमांक असतो. आमच्या ॲपचे आठ भाग होते आणि प्लगइनचे क्रमांक आठही ठिकाणी वेगवेगळे लिहिलेले होते.

आमच्याकडे नवीनच लागलेल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "सर, एकच आकडा आठ ठिकाणी का लिहायचा?" मी म्हणालो, "चाललंय ना? मग हात लावू नकोस."

ते ॲप दूध संकलन केंद्रांसाठी होतं. २०२३ मध्ये आम्ही कोटलिन भाषेचा प्लगइन १.६ वरून १.९ वर नेला. आकडे मीच बदलले. सात ठिकाणी बदलले, आठवं राहून गेलं. त्याच रात्री दरपत्रकातली एक चूक दुरुस्त करून ॲप पाठवायचं होतं. पण नव्या आवृत्तीनं बांधलेले सात भाग त्या आठव्यातल्या जुन्या आवृत्तीला वाचताच येईनात. ॲप बांधलंच जाईना. कारण सापडेपर्यंत पहाट झाली. केंद्रांवर कॅन घेऊन रांगा लागल्या आणि त्या दिवशीच्या पावत्या हातानं लिहाव्या लागल्या. माझ्या वडिलांनी आयुष्यभर डेअरीला दूध घातलं. त्या रांगेत उभं राहणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं.

उपाय आधीपासूनच होता. ग्रेडलमध्ये प्लगइनच्या आवृत्त्या सेटिंग्जच्या एकाच फाइलमध्ये लिहिण्याची सोय २०१९ पासून आहे. पुढे 'व्हर्जन कॅटलॉग' आला आणि २०२२ च्या ७.४ आवृत्तीत तो पक्का झाला. गाडीच्या पार्टच्या दुकानात असते तशी ही यादी. प्लगइनचं नाव आणि क्रमांक तिथे एकदाच लिहायचा, बाकीच्या भागांनी फक्त नाव घ्यायचं. मेव्हन नावाच्या जुन्या साधनातही मुख्य फाइलमध्ये अशी सोय आहे.

यात एक धोका आहे. एका जागी चूक झाली की ती आठही ठिकाणी पोचते. म्हणून आकडा बदलला की सगळे भाग बांधून, तपासूनच पुढे जायचं. आणि "जी नवीन असेल ती आवृत्ती घे" असं कधी लिहायचं नाही, नाहीतर काल चाललेलं ॲप आज का अडलं ते कळत नाही.

ही यादी आमच्याकडे त्या मुलीनंच तयार केली. दोन दिवसांचं काम होतं. मी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, की तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चूक.

गुरुजनहो, वर्गात आमच्या वेड्यावाकड्या प्रश्नांना तुम्ही "गप्प बस" म्हणाला नाहीत. तुमचा विद्यार्थी असून मी मात्र ते म्हणालो. ती चूक आज तुमच्यासमोर कबूल करतो आणि थांबतो.