घरचा कॉम्प्युटर बंद पडतो तेव्हा

मंडळी, आज आम्ही कॉम्प्युटरविषयी बोलणार आहोत. हसू नका. आम्ही मॅट्रिक झालो तेव्हा हे यंत्र आमच्या पुस्तकात नव्हते. पुढे हेडमास्तर झालो, तरी शाळेतल्या कॉम्प्युटरला आम्ही लांबूनच नमस्कार करीत असू. जे थोडे कळते ते नातवाकडून शिकलो, आणि काही ठेच लागून.

ही गोष्ट २०२५ सालच्या मे महिन्यातली. आमची सूनबाई महिला बचत गटाचा हिशेब ठेवते. तीन वर्षांचा सगळा हिशेब आमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये होता. कोणी किती भरले, कोणाचे कर्ज किती फिटले, सारे त्यातच. आठ दिवसांनी बँकेत कागद द्यायचे होते, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर मधेच बंद पडू लागला. काम चालू असताना एकदम अंधार! शिवाय ‘अपडेट’ होईना. अपडेट म्हणजे यंत्राच्या आतल्या कार्यक्रमात कंपनी जी दुरुस्ती पाठवते ती. ती इंटरनेटवरून येते.

तालुक्याला एका दुरुस्तीवाल्याला विचारले. तो म्हणाला, “फॉर्मॅट मारू.” फॉर्मॅट म्हणजे काय, तर पाटी पुसून कोरी करणे. पाटी कोरी झाली की पाटीवरचा हिशेबही गेला! सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही म्हणालो, “थांब, पोरी. आधी बघू तरी काय होतंय ते.”

विहिरीवरची मोटर बंद पडली तर तुम्ही काय करता? लगेच नवी आणता का? आधी फ्यूज बघता, वायर बघता. तेच आम्ही केले. एक वही घेतली. यंत्र किती वाजता सुरू केले, किती वाजता बंद पडले, एवढेच लिहीत गेलो. दोन दिवसांत उलगडा झाला. सकाळी सहाला सुरू केले तर पाऊण तास चालते. दुपारी पंधरा मिनिटांतच मान टाकते. म्हणजे त्याला उष्णता सोसत नव्हती.

मग तिसऱ्या दिवशी पहाटे उठलो. यंत्र गार होते तेवढ्यात सूनबाईने सगळा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. दुसरी एक प्रत शेजारच्या मास्तरणीबाईंच्या कॉम्प्युटरवर ठेवली. पुढची दुरुस्ती आम्ही त्यानंतरच सुरू केली. हा क्रम उलटा करू नका.

प्लग काढून पेटीचे झाकण उघडले. आत काय असावे? धूळ, पिठाची भुकटी आणि कोळ्याची जाळी. आतला पंखा त्यात रुतून बसला होता. पेटी होती चुलीच्या भिंतीला लागून, वर भरतकामाचे फडके! वारा जाणार कोठून? पंख्याचे पाते बोटाने धरून कोरड्या ब्रशाने धूळ काढली. ओले फडके मुळीच लावले नाही. पेटी खिडकीपाशी नेली, फडके काढले. त्या दिवसापासून मधेच बंद पडणे थांबले.

काहींच्या यंत्रात अंधार न होता निळा पडदा येतो. त्यावर इंग्रजीत काही अक्षरे असतात. ती न समजली तरी उतरून घ्या, किंवा मोबाइलने फोटो काढा. जाणत्याला त्यावरून रोग ओळखता येतो.

राहिले अपडेट. त्याची दोन कारणे निघाली. पहिले मोठे गमतीचे. भिंतीवरचे बटण बंद केले की कॉम्प्युटरची तारीख मागे जाई, थेट २०१५ सालात! आत रुपयाएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. तो संपला होता. आता तारखेचा आणि अपडेटचा संबंध काय? अहो, पुढच्या तारखेचा चेक बँक आज वटवते का? दुरुस्ती पाठवणारे ठिकाण खरे आहे याचा एक दाखला असतो, आणि त्यावर तारीख असते. आमचे यंत्र २०१५ मध्ये बसलेले. त्याला तो दाखला पुढच्या काळातला वाटे, म्हणून ते दार उघडीना. किरकोळ किमतीचा नवा सेल घातला, तारीख नीट केली.

दुसरे कारण जागा. यंत्रात नातवाच्या सिनेमांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी कणगी भरली होती. मोठ्या अपडेटला पंधरा-वीस जीबी मोकळी जागा लागते. व्हिडिओ दुसरीकडे हलवले, कचऱ्याची टोपली रिकामी केली. नातू ‘विंडोज’ नावाचा कप्पाच पुसायला निघाला होता! त्याचा हात आम्ही वेळेवर धरला. जे आपण ठेवले नाही ते आपण पुसू नये.

मग वीज जाणार नाही अशी वेळ पाहून अपडेट लावले. ते दोनदा आपोआप बंद होऊन सुरू झाले. आम्ही हात लावला नाही. दीड तासात काम झाले. सूनबाईने कागद छापले आणि बँकेत दिले.

आणखी एक सांगायचे राहिले. आमच्या यंत्रात विंडोज १० आहे. त्याची नेहमीची फुकट दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ आमच्या जुन्या यंत्रावर चढत नाही. म्हणून आता त्यावर आम्ही बँकेचा व्यवहार करीत नाही. नातू लिनक्स नावाची फुकट प्रणाली घालू म्हणतो. सूनबाईची अट एकच, आधी हिशेबाची नवी प्रत काढायची.

पुढच्या गुरुवारी आम्ही पेटी उघडून दाखवू. ज्यांचे यंत्र रुसले आहे त्यांनी बंद पडल्याच्या वेळा वहीत लिहून आणाव्यात. आणि हो, एक कोरडा ब्रशही आणा. आमचा नातवाने रंगात बुडवला आहे.